दाढदुखीचं चायनीज

कॅप्टन म्हटलं की लोकांना आधी जहाज आठवतं आणि मग क्रिकेट. माझ्या सासुरवाडीत लग्नानंतर बरीच वर्षं मी सैन्यात आहे असाच समज होता, आणि तो दूर करायची मी काही घाई केली नाही. हॉटेलातला कॅप्टन म्हणजे खिशाला पेन लावून टेबलाशेजारी अदबीनं उभा राहणारा आणि "काय घेणार साहेब?" म्हणून विचारणारा माणूस. ताट वेटर आणतो, रांधतो आचारी, गल्ल्यावर मालक बसतो. या तिघांच्या मधे कॅप्टन. गिऱ्हाईक जे बोलतं ते तसंच्या तसं किचनमधे सांगायचं नसतं, आणि किचनमधून जे ऐकू येतं ते गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नसतं. दोन्हीकडचं बोलणं मऊ करून पलीकडं पोचवायचं, एवढाच हा धंदा. तो मी एकाच हॉटेलात, एकाच बागेत, केस पांढरे होईपर्यंत केला.

नव्वदच्या आसपास कोल्हापुरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्याला गार्डन हॉटेलं उगवली होती. आंब्याच्या झाडांना लाल-हिरवे दिवे, बांबूच्या झोपड्या, हिरवळीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि मधोमध सिमेंटचा एक बगळा. बगळ्याच्या चोचीतून पाणी पडावं अशी अपेक्षा असते. आमच्या बगळ्याचं शेपटीकडून पडायचं. प्लंबरनं नळी उलट्या बाजूनं काढली होती. मालकांनी तो तसाच ठेवला, कारण पोरंटोरं बघायला यायची.

मालक म्हणजे आण्णा. आमच्या बिद्रीकडचेच, मोठे ऊसवाले. रस्त्याकडेच्या रानात हॉटेल टाकलं ते हौसेपोटी. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. मी तिथं वेटर होतो. रश्श्याची बादली आणि पळी घेऊन झोपडीझोपडीतून फिरायचो. हॉटेल बरं चाललं होतं. पण आण्णा गुळाच्या कसल्याशा कामाला कलकत्त्याला गेले, आणि तिथं कुणीतरी त्यांना चिनी लोकांच्या वस्तीत जेवायला नेलं. परत आले ते वेगळेच होऊन.

"भास्करा," मला म्हणाले, "आपण ज्याला चायनीज म्हणतो न्हवं, त्ये चायनीजच न्हाय."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की जणू घरातल्या कुणाचं तरी लफडं कळलंय.

त्या काळात कोल्हापुरात चायनीज म्हणजे गाडी. तांबडी ताडपत्री, तिच्यावर रंगवलेला ड्रॅगन, तांबडाभडक भात, आणि तांबड्या रश्शात पोहणारे कोबीचे गोळे. ते आम्हीही आवडीनं खायचो. आण्णांनी मात्र कलकत्त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका चिनी कुटुंबाकडं जेवण घेतलं होतं, आणि त्या घरातल्या मधल्या भावाला, काहीही करून, कोल्हापूरला यायला राजी केलं होतं. त्याचं नाव चेन. पन्नाशीचा, बुटका, काटक, अंगात कायम बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक. कलकत्त्यात घरच्या हॉटेलात त्याचं सगळं आयुष्य चिली चिकन परतण्यात गेलं होतं. आज्जीच्या हातचं जेवण गिऱ्हाइकाला घालावं अशी त्याची इच्छा होती, आणि भाऊ ते करू देत नव्हते. आण्णांनी त्याला शब्द दिला, "तुमच्या मनासारखं करा. मेनूकार्डावर मंचुरियन असणार न्हाय." तेवढ्या एका वाक्यावर हा माणूस देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आला.

आमच्या बागेतला माळी सीमेकडचा, निम्मं कानडी बोलणारा. त्यानं पहिल्याच दिवशी चेनचा चन्नाप्पा करून टाकला. चेनला वाटलं, हा मानाचा शब्द असेल. तोही त्या नावाला ओ द्यायला लागला.

मी दहावी पास होतो, उंच होतो आणि इंग्रजी शब्द न अडखळता म्हणायचो, एवढ्यावर आण्णांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि अंगावर पांढरा कोट चढवला. चेननं आम्हाला शिकवायला घेतलं. त्याचं हिंदी बंगालीत भिजलेलं, आमचं कोल्हापुरीत. पण सांगायचा तो नीट. "हर डिश का एक गाँव है," म्हणायचा. चीन म्हणजे एक स्वैपाकघर नव्हे. कॅन्टनचे लोक वाफेवर शिजवतात, मसाला जवळजवळ नाहीच, जिनसाची स्वतःची चव कळली पाहिजे. सिच्युआनचे लोक मिरची खातात आणि तिच्यासोबत एक दाणा घालतात, त्यानं जीभ झिणझिणते. हुनानचे लोक त्याहून तिखट, पण झिणझिण्यांशिवाय. मला हे गिऱ्हाइकांना समजेल असं सांगायचं होतं. मी ठरवलं, कॅन्टन म्हणजे आपलं कोकण, सिच्युआन म्हणजे आपलं कोल्हापूर. हुनानला बरेच दिवस काही सापडलं नाही. शेवटी खानदेश म्हणून टाकलं.

पहिलं मोठं गिऱ्हाईक आजऱ्याकडचे एक काजूवाले, सहकुटुंब. त्यांच्यापुढं मी चेनचा सगळ्यात लाडका पदार्थ ठेवला. अख्खा मासा, वाफेवर शिजवलेला, वर आल्याचे केसासारखे काप आणि कांद्याची पात, त्यावर कडकडीत तेलाची धार आणि खाली जरासं सोयाचं पाणी. मासा पांढराशुभ्र. कुटुंब त्याच्याकडं बघत राहिलं.

"पावणं," काजूवाले म्हणाले, "आमच्यात कोण आजारी न्हाय."

"साहेब, हे कॅन्टन पद्धतीचं..."

"आसंल की. पर रस्सा कुठं हाय?"

रस्सा नव्हता. त्यांनी कांदा, लिंबू आणि चटणी मागितली. तीही नव्हती. मग त्यांच्या मंडळींनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. प्रवासाला निघताना कोल्हापूरकर कांदा-लसूण मसाला बरोबर घेतोच, तसा त्यांनी घेतला होता. चिमूटचिमूट करत सगळ्या माशावर तांबडा थर झाला. हे चेन किचनच्या खिडकीतून बघत होता. तो स्टुलावर बसला आणि भट्टी बंद केली. बाहेर तीन टेबलं खोळंबलेली.

मी आत गेलो. "चेनभाई, त्यांना फार आवडलं."

"मैंने देखा," चेन म्हणाला.

"तो मसाला नव्हे, आमच्यात पूजा करतात तशी."

त्यानं उठून भट्टी पेटवली. त्याला माझं पटलं नव्हतं. पण खोटं बोलायला मी एवढे कष्ट घेतले याचं त्याला बरं वाटलं असावं.

त्या भट्टीबद्दल सांगायला हवं. आपली शेगडी भांड्याखाली जळते, चिनी भट्टी भांड्यावर तुटून पडते. आवाज असा की दोन माणसांना शेजारी उभं राहून बोलता येत नाही. तिच्यावर ती खोलगट लोखंडी कढई ठेवायची आणि जिन्नस सारखे हवेत उडवायचे. क्षणभर जास्त झालं तर करपलं, कमी झालं तर पाणी सुटलं. म्हणून चिनी जेवणात गिऱ्हाइकानं अन्नाची वाट बघायची असते, अन्नानं गिऱ्हाइकाची नव्हे. आमचं गिऱ्हाईक नेमकं ताट आलं की हात धुवायला उठायचं आणि वाटेत बगळा बघायला थांबायचं.

महिन्याभरात टेबलं ओस पडली. लोक बगळा बघून परत जायला लागले. आण्णांचा जीव वर-खाली व्हायला लागला. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "भास्करा, दिवाळीपतोर बघू. न्हाईतर मंचुरियन."

मंचुरियन आलं की चेन जाणार हे मला माहीत होतं. आणि चेन गेला की माझा कोट जाणार आणि बादली परत येणार. कोट घालून मी एकदा गावी गेलो होतो. आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना "सायेब झालाय" म्हणून सांगून बसली होती. तेव्हा माझंही बरंच काही त्या वाफवलेल्या माशावर टांगलेलं होतं.

याच दिवसांत चेनला मी एकदा घरी जेवायला नेलं. आत येताच भिंतीवर बुद्धाची तसबीर बघून तो थबकला, चपला काढल्या आणि हात जोडून बराच वेळ उभा राहिला. त्याच्या घरीही बुद्धाचीच तसबीर होती. आईनं त्याला निरखलं आणि मला आत बोलावून हळूच म्हणाली, "आपल्यातलाच हाय की. नागपूरकडचा आसंल." मी तिला चीन कुठं आहे ते सांगायचा प्रयत्न केला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय, पर मूळचा नागपूरकडचा."

आणि मग हिंदुराव वस्ताद आले.

हिंदुराव वस्ताद म्हणजे कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीचे कर्ते. साठी उलटलेली, पण मान आणि खांदे यांच्यामधे जागा नाही. बरोबर सात-आठ पैलवान. प्लॅस्टिकची खुर्ची वस्तादांच्या खाली अशी काही वाकली की मी मनातल्या मनात तिचा निरोप घेतला. वस्ताद म्हणाले, "कॅप्टन, तुमच्यातलं सगळ्यात जहाल काय हाय?"

"सिच्युआन चिकन, वस्ताद. सुक्या मिरचीतलं. पण त्यात काळपट-तांबडे दाणे असतात, ते चावायचे नाहीत. नुसता वास घ्यायचा, बाजूला काढायचे."

"मिरच्या चावून जलम गेला. दाण्याचं काय सांगतोस?"

ताट आलं. वस्तादांनी चिकन बाजूला सारलं, चमच्यात फक्त दाणे गोळा केले आणि तोंडात टाकून चावले. सगळी तालीम बघत होती. वस्ताद हसले. मग हसायचे थांबले. मग त्यांनी ओठ चाचपून पाहिले, ते जागेवर आहेत का म्हणून.

"वस्ताद, काय झालं?" एका पैलवानानं विचारलं.

"जीभ," वस्ताद म्हणाले, "न्हाय."

"न्हाय म्हंजी?"

"न्हायच!"

पुढचं फार भराभर झालं. "इष घातलं!" असं कुणीतरी ओरडलं. दोन पैलवानांनी मला माझ्या पांढऱ्या कोटासकट उचललं. बाकीचे किचनकडं निघाले. माझे पाय जमिनीवर नव्हते, पण मला काळजी चेनची होती, कारण तो त्यातल्या कुणाच्याही काखेत मावला असता.

चेन स्वतःच बाहेर आला. हातात दाण्यांची वाटी. पैलवानांच्या मधून, जणू ते आंब्याची झाडं आहेत अशा थाटात चालत आला आणि वस्तादांच्या समोरच्या खुर्चीत बसला. वाटीतले मूठभर दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले. मग पाण्याचा ग्लास वस्तादांपुढं सरकवला.

"पिओ."

वस्ताद प्याले. त्यांचे डोळे विस्फारले. "ह्यात काय घातलंय?"

"पानी."

"लिंबू पिळलंय. सोडा हाय."

"पानी," चेन म्हणाला. आणि ते खरंच होतं. त्या दाण्यानंतर साधं पाणीसुद्धा आंबटसर, झिणझिणतं लागतं.

वस्ताद परत प्याले. मग त्यांनी गालावर हात ठेवला. दाबला. जोरात दाबला.

"आईच्यान," वस्ताद हळूच म्हणाले, "दाढ थांबली."

मग कळलं की वस्तादांची एक दाढ कित्येक दिवस ठणकत होती. झोप नाही, जेवण नाही. तालमीत कुणाला सांगायची सोय नाही, कारण पोरांना त्यांनी आयुष्यभर दुखणं गिळायला शिकवलं होतं. दाण्यानं जीभ बधिर झाली तशी दाढही. वस्तादांनी पैलवानांना मला खाली ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्ताद परत आले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांचे साडू आले, गाल धरून. चौथ्या दिवशी हुपरीचे एक चांदीवाले आले. त्यांची दाढ दुखत नव्हती, पण दुखेल अशी शंका होती. आठवड्याभरात गावात बोलबाला झाला, की अमुक रस्त्याला शेपटीतून मुतणारा बगळा आहे, त्याच्या पलीकडं दाढदुखीचं चायनीज मिळतं. रिक्षावाले फक्त गाल बघून विचारायचे, "चन्नाप्पाकडं न्हवं?"

आण्णा खूश झाले. चेन मात्र डोक्याला हात लावून बसला. पण एक गंमत झाली. दाढ दुखणाऱ्या माणसाला चावता येत नाही. दाणे चघळून झाले, की त्याला भूक लागायची, कित्येक दिवसांची. मग मी त्याच्यापुढं काय ठेवायचं? वाफवलेला मासा. मऊ सोयापनीर. अंडं घातलेलं पातळ सूप. कोंबडीचं निवळ पाणी, सकाळपासून मंद आचेवर ठेवलेलं. जे जे महिनाभर आजाऱ्याचं जेवण म्हणून परत आलं होतं, ते सगळं आता खरोखरच्या आजाऱ्यांपुढं जाऊ लागलं, आणि खिशातली पुडी उघडायचं कुणाच्या ध्यानात राहिना, कारण मसाला त्या दाढेला झोंबायचा. पहिल्यांदाच कोल्हापूरकर माणूस बिनतिखटाचा मासा तोंडात घेऊन गप्प बसायचा आणि मग शेजाऱ्याला म्हणायचा, "गोडसर हाय बघ."

चेन खिडकीतून बघायचा. आता तो स्टुलावर बसत नव्हता.

कलकत्त्याहून आणलेले दाणे या गर्दीत संपत आले. त्यांचा वास मला कधीपासून ओळखीचा वाटत होता. घाटाखालून येणाऱ्या एका एसटी ड्रायव्हरला सांगून मी कोकणातून तिरफळं मागवली. बांगड्याच्या आमटीत घालतात ती. चेननं एक फोडलं, हुंगलं, चावलं, डोळे मिटले. "ये वो नहीं है," म्हणाला. माझा चेहरा पडला. मग तो म्हणाला, "उसका मौसेरा भाई है."

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नेमकं तेव्हा ते बिनसलं. एका संध्याकाळी वस्ताद आले ते अर्धा चेहरा सुजवून. डोळा बारीक झालेला. अंगात कणकण. तरी ऐटीत बसले. "चन्नाप्पा, घाल की लेका चार दाणे."

चेन बाहेर आला. त्यानं वस्तादांचा गाल लांबूनच बघितला. "नो. पहले डॉक्टर."

"मला डॉक्टर सांगू नगंस. मी वस्ताद हाय."

"मालूम," चेन म्हणाला. "दाँत को नहीं मालूम."

एका पैलवानाला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. वस्तादांनी ते पाहिलं. आता प्रश्न दाढेचा राहिला नव्हता. आण्णा गल्ल्यावरून धावत आले आणि माझा दंड धरून कानात म्हणाले, "त्याला सांग, चार दाणे घाल म्हणावं. वस्ताद उठला तर सगळी तालीम उठंल, तालीम उठली तर सगळं गाव."

मी चेनकडं गेलो. तो म्हणाला, त्याच्या वडलांची दाढ अशीच सुजली होती. हेच दाणे चघळत ते कामावर जात राहिले. विष गळ्यात उतरलं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. "ये खाने के वास्ते है, छुपाने के वास्ते नहीं. बोलो उसको."

इतके दिवस दोन्हीकडचं मऊ करून सांगायची माझी सवय. वस्तादांसमोर उभा राहिलो तेव्हा तोंडात काही गोड शब्द तयारही होते. पण तो सुजलेला डोळा बघितला आणि मी चेन म्हणाला ते सगळं, त्याच्या वडलांसकट, जसंच्या तसं मराठीत सांगितलं. काहीच मऊ केलं नाही.

वस्ताद उठले. खुर्ची आडवी झाली. ते निघून गेले आणि त्यांच्यामागून सगळी तालीम.

पुढचे दोन दिवस बाग रिकामी. आण्णा माझ्याशी बोलेनात, चेनशी तर नाहीच. तिसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा आली. आत वस्ताद, डोक्यापासून हनुवटीपर्यंत टॉवेल बांधलेला. तोंड उघडत नव्हतं. त्यांनी बोट केलं चेनकडं, मग रिक्षातल्या शेजारच्या जागेकडं. मग माझ्याकडं. कुस्तीच्या आखाड्यात कधी मागं न सरलेला हा माणूस डॉक्टरकडं एकटा जायला घाबरत होता, आणि हे तालमीतल्या कुणालाही कळू द्यायचं नव्हतं.

गावातल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. बाईंनी बघितलं आणि वस्तादांना जे झाडलं ते मी इथं लिहीत नाही. आधी सूज उतरायची औषधं दिली, आणि काही दिवसांनी दाढ काढायला बोलावलं. त्या दिवशीही आम्ही तिघं. वस्तादांनी खुर्चीत बसताच चेनचा हात पकडला. उजवा, कढई उडवायचा.

बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसलेल्या पेशंटांना आतून एक भयानक किंकाळी ऐकू आली. दोघं उठून निघून गेले. बाई दार उघडून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "अहो, ज्यांची दाढ काढतेय ते गप्प आहेत. तुमच्या ह्या पाहुण्यांना जरा बाहेर घ्या." पण वस्ताद हात सोडेनात. दाढ निघाली तेव्हा चेनची बोटं केळ्यांच्या फणीसारखी सुजली होती.

तिथून सरळ बागेत आलो. वस्तादांना दाणे नकोत, तिखट नको, काही चावायचं नको. चेननं एका हातानं आजऱ्याचा घनसाळ भात चढवला, बराच वेळ आटवला, पार शीत विरघळेपर्यंत; त्याचा वास सगळ्या बागेत पसरला. त्यात माशाचे कागदासारखे पातळ काप सोडले आणि आल्याचा एक धागा. आमच्यात ह्याला पेज म्हणतात. त्यांच्यातही ते घरचंच जेवण. वस्तादांनी ती कोमट झाल्यावर चमच्याचमच्यानं घेतली. मधेच थांबले.

"माझ्या आईनं असली पेज केली असती," ते जड जिभेनं म्हणाले, "तर मी घरातनं पळून तालमीत गेलोच नसतो."

मी हे चेनला सांगितलं. आता काही मऊ करायची गरज नव्हती.

वस्ताद आठवडाभर रोज पेज प्यायला येत राहिले. शेवटी त्यांच्या मंडळी, आक्काताई, स्वतः चौकशीला आल्या. "घरात पेज केली तर ताट भिरकावतात. हितं काय सोनं घालतोय त्यो?" त्यांनी चव घेतली, "मीठ कमी हाय" म्हणाल्या आणि वाटी संपवली. मग किचनमधे शिरल्या. चेन आणि आक्काताई, एकाचं दुसऱ्याला अक्षर कळत नव्हतं, पण दोघं एकाच वेळी बोलत होते. आक्काताईंनी आपला घरचा मसाला त्याच्यापुढं ठेवला. चेननं तो चाखला. या वेळी कुणाच्या ताटावर पडलेला नव्हता, म्हणून असेल, त्यानं नीट चाखला. मग तेल तापवून थोडं निवू दिलं, त्यात तो मसाला, तिरफळाची पूड आणि तीळ घातले. लालभडक, खमंग तेलचटणी. बशीत वेगळी द्यायची, ज्याला हवी त्यानं घ्यायची, माशावर ओतायची नाही. एवढ्यावर कोल्हापूर आणि कॅन्टन यांचा तह झाला.

दिवाळीत पाडव्याला वस्तादांनी सगळ्या तालमीला बागेत जेवण दिलं. म्हातारेकोतारे, लेकीसुना, सगळे. मासे आदल्या दिवशी सांगून ठेवले होते ते कमी पडले. त्या गडबडीत शहरातली चार तरुण पोरं आली आणि गल्ल्यावर जाऊन विचारायला लागली, "मंचुरियन हाय का?"

मी दूर उभा होतो. आण्णांनी चष्मा वर केला.

"त्ये गाडीवर मिळतं की," आण्णा म्हणाले. "हितं कशाला आलाय?"

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही बरी चालवली. फार श्रीमंत झालो नाही. गार्डन हॉटेलचे हाल ज्याला माहीत त्याला माहीत. वळीव आला की सूप दुप्पट व्हायचं. लाइट गेली की बेडकं बोलायची. आंब्याचा मोहोर गळून नूडल्समधे पडायचा आणि गिऱ्हाईक विचारायचं, हे कुठल्या गावचं? मी ठोकून द्यायचो, हुनान.

मग रस्ता रुंद व्हायचं ठरलं. आमची निम्मी बाग जाणार होती. आण्णा थकले होते, मुलाला लग्नाचं लॉन काढायचं होतं. चेनची मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली होती, ती बापाला बोलावत होती. वस्ताद तेव्हा हयात नव्हते. आक्काताईंनी चेनसाठी मसाल्याचा डबा पाठवला. विमानात नेऊ देतात का नाही याची चौकशी करायला तो मलाच घेऊन गेला. नेऊ देतात म्हणाले, पण नीट बांधा, आणि तिकडं उतरल्यावर डब्यात काय आहे ते सांगा.

चेन जायच्या आदल्या दिवशी दुपारी, जेवणाची वेळ सरली होती आणि रात्रीची अजून लांब होती, तेव्हा त्यानं मला आंब्याखालच्या टेबलाशी बोलावलं. पांढरा टेबलक्लॉथ. एकच खुर्ची ओढलेली.

"बस," म्हणाला.

मला वाटलं, काही सामान बांधायचंय. बसलो. आण्णा चहाची किटली घेऊन आले आणि माझ्या कपात ओतायला लागले. मी उठायला गेलो तर डोळे वटारले. मग चेननं मासा आणला. अख्खा. वाफ निघत होती. त्यानं माझ्यासमोर तेल ओतलं, आलं चरचरलं, आणि डोक्याकडची बाजू माझ्याकडं फिरवली. तसं मानाच्या पाहुण्यासाठी करतात, हे मीच हजारो लोकांना सांगितलं होतं.

कॅप्टन माणूस आपल्या हॉटेलातलं सगळं चाखतो, पण किचनच्या कोपऱ्यात, उभ्यानं, गार झालेलं, चमच्याच्या टोकावर. हा मासा मी लोकांना तोंडभरून वर्णन करून विकला होता. गरम, ताटातून, बसून कधीच खाल्ला नव्हता. पहिला घास घेतला आणि मला कळलं, की इतकी वर्षं मी त्याच्याबद्दल लोकांना फार कमी सांगत आलो.

तेवढ्यात फाटक वाजलं. एक गाडी आत आली, आतून एक कुटुंब उतरलं आणि इकडंतिकडं बघायला लागलं. माझे पाय आपोआप सरळ झाले. हात कोटाच्या बटणांकडं गेला.

चेननं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. कलकत्त्याचं हिंदी त्याच्या तोंडातून कधी नाहीसं झालं हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"बस की लेका," तो म्हणाला. "गार हुतंय."